एरागॉन, उसनी गोष्ट आणि आपले चार शब्द

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचे नाही त्यांचा वेळ वाचेल. ख्रिस्तोफर पाओलिनी या अमेरिकन लेखकाची 'एरागॉन' ही कादंबरी उसनी आहे. पाचशे पानांतली बहुतेक पाने दुसऱ्यांच्या घरून आणलेल्या सामानाने भरलेली आहेत. तरीही तेरा वर्षांच्या एका मुलाने ती तीनदा वाचावी याचे मला नवल वाटत नाही, आणि ती त्याच्या हातून काढून घ्यावी असेही वाटत नाही. ही दोन्ही मते एकाच माणसाची कशी असू शकतात, ते सांगण्यासाठी आजचे हे लिखाण.

तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे माझा नातू. तो नागपूरला असतो. दिवाळीच्या सुटीत आंबागडला आला होता, तेव्हा हे जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून गेला आणि बजावून गेला, "आबाजी, वाचा आणि खरं खरं सांगा न. आई-बाबा नुसतं छान छान म्हणतात." माझे बी.ए. मराठी माध्यमातले. इंग्रजी कादंबरी वाचायची तर मला शब्दकोश जवळ घेऊन बसावे लागते. दोन महिने लागले. पण हळू वाचण्याचा एक फायदा असतो. घाईने वाचणाऱ्याला कापड दिसते, हळू वाचणाऱ्याला शिवण दिसते.

प्रकरण एवढ्यावर थांबले असते तर मी फोनवरच दोन वाक्ये बोलून मोकळा झालो असतो. पण या नातवाने स्वतःही कादंबरी लिहायला घेतली आहे. दोनशे पानी दोन वह्या भरल्या आहेत. आणि आमच्या सूनबाईंच्या मनात ती त्याच्या चौदाव्या वाढदिवसाला छापून घ्यायची आहे, माझ्या प्रस्तावनेसह! नातेवाईक मंडळींपैकी बरेच जण हे वाचतात, त्यामुळे जे काही म्हणायचे ते सर्वांसमोर म्हणतो. मागाहून 'आबाजी एकाजवळ एक बोलले आणि दुसऱ्याजवळ दुसरे' असे नको.

तर आधी गोष्ट.

एरागॉन हा पंधरा वर्षांचा शेतकरी मुलगा. आईवडील जवळ नाहीत, मामा गॅरो आणि मामेभाऊ रोरान यांच्याजवळ कार्वाहॉल नावाच्या खेड्यात वाढतो. डोंगरात शिकारीला गेलेला असताना त्याला एक गुळगुळीत निळा दगड सापडतो. तो दगड नसून ड्रॅगनचे अंडे असते. त्यातून पिल्लू निघते, ती साफिरा. राजाचे हस्तक अंड्याच्या शोधात येतात, घर उद्ध्वस्त करतात, मामा मरतो. गावातला म्हातारा कथेकरी ब्रॉम मुलाला तलवार देतो आणि सोबत घेऊन निघतो. हा कथेकरी पूर्वी स्वतः ड्रॅगनस्वार होता हे पुढे कळते. म्हातारा वाटेत मरतो. कैदेतल्या एका एल्फ राजकन्येची, आर्याची, सुटका होते. सगळे डोंगराच्या पोटात लपलेल्या बंडखोरांकडे पोहोचतात आणि शेवटी मोठी लढाई होते. दुष्ट राजाचे नाव गॅल्बटोरिक्स. तोही एके काळी ड्रॅगनस्वारच होता, पुढे बिघडला.

आता ज्यांनी 1977 सालचा 'स्टार वॉर्स' पाहिला असेल त्यांनी हात वर करावा! त्यात ल्यूक नावाचा पोरगा काका-काकूंच्या शेतावर वाढतो. साम्राज्याचे सैनिक शोध घेत येतात आणि काका-काकूंना मारतात. शेजारचा म्हातारा पूर्वीचा योद्धा निघतो, बापाची तलवार देतो आणि पुढे मरतो. राजकन्या कैदेत असते. बंडखोरांचा लपलेला तळ असतो. खलनायक पूर्वी त्याच योद्ध्यांपैकी एक असतो. अंतराळयानाच्या जागी ड्रॅगन ठेवा, की झाले. दुसऱ्या भागात, म्हणजे 2005 च्या 'एल्डेस्ट'मध्ये, नायक एका लपून राहिलेल्या वृद्ध गुरूकडे शिकायला जातो आणि शेवटी राजाच्या उजव्या हाताशी आपले रक्ताचे नाते असल्याचे त्याला रणांगणावर ऐकवले जाते. 1980 चा स्टार वॉर्सचा दुसरा सिनेमा साधारण असाच चालतो. (तिसऱ्या भागात लेखकाने ते नाते पुन्हा फिरवले आहे, हे त्याच्या बाजूने नमूद करतो.)

उरलेले सामानही ओळखीचेच आहे. एल्फ, बुटके, नकाशा, जुन्या भाषेतली नावे ही टॉल्किनची इस्टेट. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' 1954-55 साली आले. अंड्यातून निघणारा ड्रॅगन एका माणसाशी जन्माचा बांधला जातो आणि त्याच्याशी मनातल्या मनात बोलतो, ही कल्पना अॅन मॅकॅफ्री यांच्या 1968 च्या 'ड्रॅगनफ्लाइट'मध्ये आहे. वस्तूचे खरे नाव कळले की तिच्यावर सत्ता चालते, आणि त्या आदिम भाषेत माणसाला खोटे बोलता येत नाही, हे अर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी बेटांवरच्या गोष्टीत आहे. तिचा पहिला भागही 1968 चाच. नायकाचे नावसुद्धा कसे बनले पाहा. इंग्रजी 'ड्रॅगन' शब्दाचे पहिले अक्षर बदलून पुढचे अक्षर ठेवले, की एरागॉन!

भाषेबद्दलही बोलतो, कारण माझा धंदाच तो. पाओलिनीची वाक्ये लग्नाच्या मांडवातल्या पोरीसारखी आहेत, जेवढे दागिने घरात असतील तेवढे सगळे अंगावर. सूर्य नुसता मावळत नाही, माणूस नुसता म्हणत नाही, तलवार नुसती तलवार नसते. माझ्या शब्दकोशाची पाने या पुस्तकाने झिजवली आणि अर्धे शब्द शोधून काढल्यावर कळले की ते नसते तरी चालले असते.

आता लेखकाविषयी, कारण ते सांगितल्याशिवाय निकाल देणे अन्यायाचे होईल.

पाओलिनी 1983 चा. माँटाना राज्यातल्या पॅरडाइज व्हॅली नावाच्या खोऱ्यात वाढला. शाळेत गेला नाही, आईवडिलांनी घरीच शिकवले. पंधराव्या वर्षी शालेय शिक्षण संपले आणि त्याच वर्षी त्याने ही कादंबरी लिहायला घेतली. 2002 साली आईवडिलांनी ती घरच्या घरी छापली. मुखपृष्ठ त्याने स्वतः काढले. मग मध्ययुगीन पोशाख घालून हा मुलगा शाळाशाळांतून, ग्रंथालयांतून शंभरावर कार्यक्रम करत हिंडला. कार्ल हायासन या नावाजलेल्या लेखकाच्या सावत्र मुलाने ती सुटीत वाचली आणि त्याला फार आवडली. त्यांनी ती क्नॉफ या मोठ्या प्रकाशनाला कळवली आणि ऑगस्ट 2003 मध्ये ती नव्याने निघाली. तेव्हा लेखक एकोणीस वर्षांचा होता. पुढे लाखोंनी प्रती खपल्या, 2006 मध्ये सिनेमा आला, 2011 पर्यंत चार भाग झाले आणि 2023 मध्ये 'मर्टाग' नावाचे पाचवे पुस्तकही आले.

म्हणजे मी ज्याला उसने म्हणतो आहे ते पंधरा ते अठरा वर्षांच्या पोराचे काम आहे. या वयात कोणता मुलगा उसने लिहीत नाही?

आणि मुळात उसनी गोष्ट सांगणे हा गुन्हा आहे का? या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. आपल्याकडे तर हा गुन्हा कधीच नव्हता. गवळ्याच्या घरी वाढलेला पोर, त्याच्या मागावर मथुरेचा दुष्ट राजा, राक्षस पाठवून पाठवून थकलेला.. ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरात आहे. ल्यूक आणि एरागॉन हे आपल्या कन्हैयाचे फार उशिरा जन्मलेले भाऊ म्हणायचे. जोसेफ कॅम्बेल नावाच्या अभ्यासकाने 1949 साली जगभरच्या वीरकथांवर एक ग्रंथच लिहिला आणि सगळ्या वीरांचा प्रवास एकाच वळणाने जातो असे मांडले. स्टार वॉर्सच्या जॉर्ज ल्यूकसने त्या ग्रंथाचे ऋण मान्य केले आहे. म्हणजे ज्याच्याकडून उसने घेतले तोही उसनेच आणून बसलेला!

आपल्या मराठीत रुक्मिणीचे स्वयंवर तेराव्या शतकात महानुभाव कवी नरेंद्राने लावले आणि सोळाव्या शतकात एकनाथांनी पुन्हा लावले. कोणी विचारले नाही की महाराज, ही गोष्ट आधीच झाली आहे, तुम्ही का लिहिता? मोरोपंतांनी तर एकशे आठ रामायणे रचली असे सांगतात. गोष्ट तीच, राम तोच, रावण तोच. पण त्यांतले एक निरोष्ठ रामायण आहे. म्हणजे ओठांना ओठ लावून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात येतच नाहीत. 'राम' शब्दातच म आहे, आणि तो न वापरता रामायण! कवीने कथेत नवे काय केले असे विचारणाऱ्याला तिथे उत्तर मिळते.

त्याहून मोठे उदाहरण कालिदासाचे. शकुंतलेची गोष्ट महाभारतातली. पण महाभारतातल्या दुष्यंताला सगळे आठवत असते आणि तरी तो भर सभेत शकुंतलेला नाकारतो. दुर्वासाचा शाप आणि बोटातली अंगठी कालिदासाने आणली. एका अंगठीने राजाचे चारित्र्य बदलले, नाटकाचा सूर बदलला. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी हेच नाटक संगीतासह मराठीत उभे केले, तेव्हा त्यांनीही मूळ कालिदासाचे हे उघडपणे सांगितले आणि स्वतःची पदे त्यात घातली. पुलंनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' केली तेव्हा लंडनची फुलवाली मराठी बोलू लागली, आणि ती कुठून आली हे कोणापासून लपवले नाही.

आणि दूर कशाला जायचे? आमच्या झाडीपट्टीत धान घरात आले की नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालते. वडसा म्हणजे देसाईगंज येथे मंडळ्यांची कार्यालये आहेत, तिथून नाटके ठरतात. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडच्या प्रत्येकाला आपल्याच घरात काही आल्यासारखे वाटले होते. तर या नाटकांचे कथानक बहुधा दुसऱ्या अंकाआधीच प्रेक्षकांना माहीत असते. गर्विष्ठ पाटील, सोसणारी सून, शहरातून परतलेला मुलगा. तरी पहाटे चारला मांडवातल्या बाया पदराने डोळे पुसत असतात. त्या रडतात कारण एखादा नट मध्येच झाडीबोलीत असे काही बोलून जातो, की वाटते हा आमच्या शेजारच्या वाड्यातून ऐकून आला.

तेव्हा 'गोष्ट कुठून आणली' हा माझा प्रश्नच नाही. माझा प्रश्न आहे 'आणलीस, पण तू त्यात काय घातलेस?'

ही परीक्षा मी पुस्तकांतून शिकलो नाही, वह्या तपासता तपासता शिकलो. तीस-बत्तीस वर्षे मराठी शिकवले. 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधाच्या किती वह्या तपासल्या असतील त्याची गणती नाही. आकाशात काळे ढग जमतात, मोर पिसारा फुलवतो, मुले कागदी होड्या सोडतात, आई गरमागरम भजी तळते. चाळीस वह्यांत चाळीस मोर. गाईड बाजारातले एकच, मग मोर तरी वेगळे कुठून येणार! आमच्याकडे पावसाळ्यात कोण होड्या सोडत बसतो? पावसाळा म्हणजे रोवणी. शाळेतली अर्धी पोरे चिखलात असतात.

एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने पहिली तीन वाक्ये गाईडमधलीच लिहिली होती. काळे ढग, गार वारा, मोर. पण चौथ्या वाक्यात तिच्या शेताचा बांध फुटला होता. बांधीत पाण्याचा लोंढा आला, बाप बांध बुजवायला धावला, आणि पऱ्ह्यांच्या जुड्या वाहून जाऊ नयेत म्हणून ही पोर त्या जुड्यांवर जाऊन बसली. पाऊस थांबेपर्यंत बसून राहिली. एवढेच होते. व्याकरणाच्या चुका भरपूर होत्या. मी दहापैकी आठ गुण दिले आणि तिचा निबंध वर्गात वाचून दाखवला. पहिल्या तीन वाक्यांचे मी काहीच म्हटले नाही. त्या तीन वाक्यांच्या काठीवर हात ठेवूनच ती चौथ्या वाक्यापर्यंत चालत आली होती, असे मला वाटते.

आमच्या आंबागडच्या किल्ल्याच्या गोष्टीही अशाच चाळाव्या लागतात. किल्ल्यात भुयार आहे, ते दूर कुठेतरी निघते, आत खजिना आहे आणि त्यावर नाग आहे.. हे पोरांना विचारा, लगेच सांगतील. पण महाराष्ट्रातल्या कोणत्या किल्ल्याला भुयार नाही? हा झाला गाईडमधला मोर. याउलट हा किल्ला 1700 च्या सुमारास देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदच्या सरदाराने, राजाखान पठाणाने बांधला. पुढे भोसल्यांच्या काळात तो तुरुंग झाला, आणि कैद्यांना आतल्या विहिरीचे साचलेले विषारी पाणी प्यायला लावून मारत असे सांगितले जाते. ही विहीर मात्र दुसऱ्या किल्ल्याची नाही. ती ऐकल्यावर पोरे गप्प होतात. भुयार ऐकून कोणी गप्प होत नाही.

आता हीच परीक्षा 'एरागॉन'ला लावू. पाचशे पानांत लेखकाची स्वतःची विहीर सापडते का?

मला तीन ठिकाणी सापडली.

पहिली अगदी सुरुवातीला. निळा दगड सापडतो तेव्हा एरागॉनच्या हातची हरिणी निसटलेली असते, आणि हिवाळ्यासाठी घरात मांस नाही. तो दगड घेऊन गावच्या खाटकाकडे जातो, दगडाच्या बदल्यात मांस दे म्हणतो. दगड कोणत्या डोंगरातला आहे हे कळताच खाटीक नाही म्हणतो, आणि लोहार मध्ये पडून पैसे भरतो. जगाचे भवितव्य ज्या अंड्यात आहे ते अंडे पोरगा चार किलो मांसासाठी द्यायला निघाला आहे! पुढे मामेभाऊ रोरान लग्नासाठी पैसे जमवायला दुसऱ्या गावच्या गिरणीत कामाला जातो. आमच्या गावातून अशी पोरे दरवर्षी जातात. या पानांवर मला शब्दकोश लागला नाही, किंवा लागल्याचे लक्षात राहिले नाही. पाओलिनी राहतो त्या खोऱ्याच्या कडेला बर्फाचे बेअरटूथ डोंगर आहेत आणि कादंबरीतला निसर्ग त्यांवरून सुचला असे त्याच्या परिचयातच दिले आहे. थंडी, डोंगर, भूक यांच्याविषयी तो लिहितो तेव्हा विशेषणे आपोआप कमी होतात.

दुसरी जागा पहिल्या उड्डाणाची. ड्रॅगनवर बसून उडणे हे हजार गोष्टींत असेल. पण या पोराला खोगीर माहीत नाही. साफिराच्या पाठीवरचे खवले धारदार, आणि उतरल्यावर त्याच्या मांड्या आतून सोलून निघालेल्या असतात. त्याला चालता येत नाही. घरी मामावर संकट आले आहे आणि ह्याला धड उभे राहवत नाही. सोललेल्या मांड्या ही पऱ्ह्यांच्या जुडीवर बसलेल्या पोरीसारखी गोष्ट आहे. ती गाईडमध्ये मिळत नाही.

तिसरी जागा मात्र अशी आहे की तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. बंडखोरांच्या नगरीत एक म्हातारी बाई एक अनाथ तान्हे बाळ घेऊन येते आणि ड्रॅगनस्वाराने आशीर्वाद द्यावा म्हणते. एरागॉन त्या प्राचीन भाषेत, जेमतेम शिकलेल्या शब्दांत, आशीर्वाद देतो. पहिल्या भागात एवढेच. दुसऱ्या भागात उघडकीस येते की त्याचा प्रत्यय चुकला. 'तुझे रक्षण होवो' म्हणायचे होते, आणि तो म्हणाला 'तू रक्षण करणारी हो'. त्या भाषेत बोललेले खरेच होते, त्यामुळे ती कोवळी पोर इतरांच्या वाट्याचे दुःख स्वतः सोसणारी ढाल बनली. भराभर वाढली, आणि आजूबाजूच्या प्रत्येकाची वेदना तिला आधी कळू लागली. एका प्रत्ययाने आशीर्वादाचा शाप झाला.

मराठीच्या मास्तराला याहून काय हवे? 'रक्षित' आणि 'रक्षक'. धातू एकच, प्रत्यय वेगळा. 'शोषित' आणि 'शोषक' यांत गोंधळ करणाऱ्या पोरांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो की बाबांनो, एका अक्षराने मार खाणारा आणि मार देणारा यांची अदलाबदल होते. एवढी मोठी शिक्षा झालेले उदाहरण मात्र माझ्याजवळ नव्हते. आता आहे.

तुमच्यापैकी जाणकार म्हणतील, ही कल्पना तरी कुठे नवी? बरोबर आहे. इंद्राला मारणारा मुलगा व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला. 'इंद्रशत्रू' या शब्दाचा स्वर चुकला, समास बदलला, आणि इंद्राला मारणारा होण्याऐवजी इंद्राकडून मरणारा वृत्र जन्माला आला. पतंजलीने महाभाष्यात व्याकरण का शिकावे हे सांगताना हेच उदाहरण दिले आहे. लोककथेतल्या कुंभकर्णाने इंद्रासन मागायचे तर निद्रासन मागितले, हे तर लहान पोरांनाही माहीत आहे. पण फरक पाहा. त्वष्ट्याचा स्वर चुकला तेव्हा नुकसान त्याच्याच मुलाचे झाले. कुंभकर्णाची जीभ वळली तेव्हा झोपला तो स्वतः. पाओलिनीच्या गोष्टीत शक्ती हातात आलेल्या एका अर्धशिक्षित, चांगल्या मनाच्या मुलाच्या चुकीची किंमत एक परके बाळ मोजते, आणि त्या मुलाला तिच्यासमोर उभे राहावे लागते. तो चांगल्या मनाचा होता याने तिचे दुःख कमी होत नाही. ही अंगठी त्याने स्वतः घडवली आहे. इथे मी त्याला लेखक मानतो.

मग दोष कोणाचा? माझ्या मते पोराचा कमी, मोठ्यांचा जास्त. पंधरा वर्षांच्या मुलाने आवडत्या सगळ्या गोष्टी एका पोत्यात भरणे हे त्याचे शिक्षण आहे. पण ते पोते पाहून कोणीतरी म्हणायला हवे होते की यातले हे तीन दाणे तुझे, हे पेर. त्याऐवजी लेखकाचे वय हीच पुस्तकाची जाहिरात झाली. वय पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांनीही त्याला वाचले नाही, आणि पुढे जगभरच्या मोठमोठ्या माणसांनी एकोणीस वर्षांच्या पोराच्या चोऱ्या मोजून खिदळण्यात धन्यता मानली त्यांनीही वाचले नाही. मीही वर चोऱ्या मोजल्या, पण मोजून झाल्यावर थांबलो नाही. मास्तराने लाल शाई वापरावी, पण वही संपेपर्यंत वाचावी.

याला उत्तर म्हणून कोणी म्हणेल, की अहो मास्तर, या पुस्तकाने लाखो मुले वाचायला लागली, हे काय कमी आहे? कमी नाही. मी स्वतः 'चांदोबा' वाचून वाचक झालो, आणि चांदोबातली प्रत्येक गोष्ट कुठून तरी आलेलीच होती. वाचणाऱ्या मुलाला उसन्या पुस्तकाने काही इजा होत नाही. तो त्यातून पुढे जातो, टॉल्किनपर्यंत किंवा एकनाथांपर्यंत. इजा होऊ शकते ती लिहिणाऱ्या मुलाला, त्याच्या पहिल्या वहीला पुस्तक म्हटले तर. पाओलिनीला पुढचे भाग त्याच उसन्या घरात राहून लिहावे लागले, कारण घर आधीच विकले गेले होते आणि ते अमुक रंगाचे आहे हे सगळ्या जगाला माहीत झाले होते.

आता सूनबाईंसाठी. तुमच्या मुलाच्या दोन्ही वह्या मी संपूर्ण वाचल्या. त्यात एक अनाथ मुलगा आहे, एक निळ्याऐवजी हिरवे अंडे आहे, एक म्हातारा गुरू आहे (तो माझ्यासारखा खोकतो, हे मी ओळखले). बहुतेक सगळे उसने आहे आणि ते तसेच असायला हवे. पण दुसऱ्या वहीत एक पान आहे. नायक रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला कान लावून बसतो, कारण टाकी भरताना येणारा आवाज त्याला गावच्या धानाच्या गिरणीसारखा वाटतो आणि त्याशिवाय त्याला झोप येत नाही. ते पान मी दोनदा वाचले. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

ते पुस्तक छापू नका. मी प्रस्तावना लिहिणार नाही. रागावलात तरी चालेल. छापले की त्याला चारशे पानांचे कौतुक मिळेल, आणि कौतुक करणारे ते एक पान वाचणार नाहीत. त्या पैशांत त्याला टॉल्किन घेऊन द्या, ले ग्विन घेऊन द्या, शाकुंतल मी इथून पाठवतो. ज्यांच्याकडून त्याने उसने घेतले त्यांची घरे त्याला बघू द्या. वह्या मात्र जपून ठेवा, फाडू देऊ नका.

आणि बाळा, तुला खरे खरे हवे होते ना? तुझे आवडते पुस्तक उसने आहे, त्यातल्या तीन जागा फार चांगल्या आहेत, आणि त्या कोणत्या हे मी वर लिहिले आहे. तुझ्या वहीत सध्या एक आहे. पानाचा क्रमांक मुद्दाम सांगत नाही. 'पाण्याची टाकी' म्हटल्यावर तुला सापडेलच. तिसरी वही त्या टाकीपासून सुरू करून बघ. ड्रॅगन आला तर येऊ दे, माझी काही हरकत नाही. फक्त त्याच्या पाठीवर बसून किती सोलवटते ते आधी नीट ठरवून घे.

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांना 'एरागॉन' माझ्यापेक्षा जास्त आवडले असेल त्यांनी जरूर भांडावे. एकच विनंती, माझ्या तीन जागांत चौथी भर घालून भांडावे. पुस्तक अजून माझ्याच टेबलावर आहे, नातू उन्हाळ्यात न्यायला येणार आहे. तोवर ती जागा उघडून पाहीन.